दिवा घेण्याआधी

लेमिंग्टन, ऑन्टारियो
जानेवारीतला दुसरा रविवार

चि. निखिल यास,


तू पाठवलेले तीन दिव्यांचे फोटो पाहिले. खाली एवढंच लिहिलं होतंस : ‘मामा, यातला कुठला घेऊ?’ फोनवर एका शब्दात उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट झालं असतं. म्हणून पत्र लिहितो. तीनपैकी एकही घेऊ नकोस, हे आधी सांगतो. का, ते पुढे येईलच.

या गावात मी बावीस वर्षं काचेखाली काढली. पहिली दोन वर्षं नाताळच्या पॉइन्सेटियांवर, मग काकडी आणि टोमॅटो, आणि गेली सहा वर्षं गांजाच्या हरितगृहात. रात्री आमच्या गावावरचं आभाळ दिव्यांच्या उजेडाने गुलाबी-नारिंगी दिसतं, ते तू गेल्या डिसेंबरात पाहिलंस. त्या दिव्यांखाली माझे केस पांढरे झाले. मी स्वतः गांजा घेत नाही आणि तुला घे म्हणून सांगत नाही. पण तू चौतीस वर्षांचा आहेस, इथला कायदा घरात झाडं लावायला परवानगी देतो, आणि तू विचारलंस ते दिव्याबद्दल. त्याचं उत्तर देणं मला जमतं.

कायद्याचं थोडक्यात. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात हे कायदेशीर आहे. ऑन्टारियोत वय १९ पूर्ण लागतं आणि एका घराला चार झाडं चालतात. माणशी चार नव्हे, घराला चार. तू आणि स्नेहा मिळून आठ होत नाहीत. बी परवानाधारक दुकानातूनच घे. तू भाड्याच्या तळघरात राहतोस, तेव्हा करारपत्र काढून वाच आणि घरमालकाची लेखी संमती घे. तोंडी ‘हो, लाव की’ याला पुढे काही अर्थ राहत नाही. क्युबेकमधल्या मित्राला यातलं काही सुचवू नकोस. तिथे घरी झाड लावायला बंदी आहे आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी कायम ठेवली. आणि भारतात जाताना सामानात बी नाही, पान नाही, काही नाही. कॅनडाच्या सीमेबाहेर नेणं हाच इथे गुन्हा आहे, आणि मुंबईच्या विमानतळावर १९८५ चा एनडीपीएस कायदा उभा असतो. ताईला म्हातारपणी पोलिस स्टेशन बघायला लावू नकोस.

आता दिवा.

तुझ्या पहिल्या फोटोतल्या खोक्यावर ‘१००० वॉट’ असं ठळक छापलंय. त्याच खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात ‘प्रत्यक्ष वापर ११० वॉट’ असंही आहे. फोटो मोठा करून बघ. वरचा आकडा ‘समतुल्य’ म्हणून छापलेला असतो आणि कशाशी समतुल्य ते कुणी सांगत नाही. मोजायची ती भिंतीतल्या सॉकेटमधून खेचली जाणारी वीज. आणि तीही अर्धीच गोष्ट आहे, कारण वॉट म्हणजे दिवा किती खातो. झाडाला किती देतो हे त्यावरून कळत नाही.

झाडाच्या दृष्टीने उजेड म्हणजे पानावर पडणारे कण. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले कण पान अन्न करायला वापरतं. ते इतके असंख्य असतात की आपण ते मायक्रोमोलमध्ये मोजतो. एका चौरस मीटरवर एका सेकंदाला किती मायक्रोमोल पडले, तो आकडा म्हणजे पीपीएफडी. तुझ्या आजोबांच्या भाषेत सांगतो. पाऊस किती जोरात पडतोय ते पीपीएफडी, आणि दिवसाअखेर पर्जन्यमापकात किती साठलं ते डीएलआय, म्हणजे दिवसभराचा एकूण उजेड. पिकाला दोन्ही लागतं, पण पीक पोसतं ते साठलेल्यावर. तासभर धो धो कोसळून थांबलेल्या पावसावर भात येत नाही.

आकडे लिहून ठेव. उन्हाळ्यात भर दुपारी मोकळ्या रानात २००० च्या आसपास मायक्रोमोल पडतात. तुझ्या स्वयंपाकघरात रात्री सगळे दिवे लावलेस तरी चार-पाच. आपल्या डोळ्याची बाहुली लहानमोठी होते म्हणून दोन्ही ठिकाणी आपल्याला ‘लख्ख’ वाटतं. डोळ्यावर भरवसा ठेवून दिवा घेणारा माणूस इथेच फसतो. टोरांटोत डिसेंबरअखेर दिवस जेमतेम नऊ तासांचा, त्यात ढग, आणि तुझी तळघरातली खिडकी छताला चिकटलेली. त्या उजेडावर तुळससुद्धा जगत नाही. म्हणून दिवा लागतो हे खरं.

गांजाच्या रोपाला पहिले दोन आठवडे १५० ते २५० पुरे. पानं वाढण्याच्या काळात ३०० ते ५००, फुलाच्या काळात ६०० ते ८००. याच्या वर न्यायचं तर बहुतेक उत्पादक हवेत कार्बन डायऑक्साइडही वाढवतात, तापमान, पाणी, खत सगळं त्या प्रमाणात चढवावं लागतं. ते कारखान्याचं काम आहे. बंद तळघरात, जिथे माणसं झोपतात, तिथे कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं आणून ठेवायचं नाही. यावर चर्चाही करू नकोस.

तू तंबू घेतलायस तो दोन फूट बाय चार फूट, म्हणजे पाऊण चौरस मीटरला थोडा कमी. फुलाच्या काळात सरासरी ७०० हवेत, तर पानांवर साधारण ५०० मायक्रोमोल दर सेकंदाला पडले पाहिजेत. काही उजेड तंबूच्या भिंतींत आणि वाटेत मुरतो, म्हणून दिव्यातून ६०० ते ६५० निघायला हवेत. आता खोक्यावर शोधायचा तो एकच आकडा : एका जूलमागे किती मायक्रोमोल. म्हणजेच खाल्लेल्या विजेच्या मोबदल्यात किती कण. आजचा चांगला एलईडी २.७ च्या आसपास देतो. ६५० भागिले २.७ म्हणजे २४० वॉट. झाला तुझा दिवा. २४० वॉटचा, खऱ्या वॉटचा, तंबूच्या लांबीइतका पसरट, आणि उजेड कमीजास्त करायचं बटण असलेला. बटण नसेल तर घेऊ नकोस, कारण रोपाच्या वयाप्रमाणे उजेड वाढवत न्यायचा असतो.

ज्या खोक्यावर हा जूलमागचा आकडा नाही, त्या दिव्याला हात लावू नकोस. तुझ्या तिन्ही फोटोंत तो नाही, म्हणून मी तिन्ही बाद केले. डिझाइनलाइट्स कन्सॉर्टियम नावाची संस्था आहे, ती शेतीच्या दिव्यांची मोजणी तपासून यादी ठेवते. त्या यादीत दिवा सापडला तर कंपनीचा आकडा कुणीतरी ताडून पाहिलाय एवढा भरवसा येतो.

तुझा मित्र सोडियमचा जुना दिवा फुकट देतोय म्हणालास. मुंबईच्या रस्त्यांवर जो पिवळा उजेड असायचा, त्याच जातीचा हा दिवा. मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याच्याखाली आम्ही वर्षानुवर्षं टोमॅटो काढले, आणि २०१४ साली युटा स्टेट विद्यापीठाच्या नेल्सन आणि ब्रूस बगबी यांनी दिवे मोजले तेव्हा सर्वांत चांगला सोडियम आणि सर्वांत चांगला एलईडी बरोबरीत होते, दोन्ही जूलमागे १.७. पण त्यानंतर सोडियम तिथेच राहिला आणि एलईडी बराच पुढे गेला. शिवाय ती बरोबरी होती मोठ्या, दोन टोकांच्या १००० वॉटच्या दिव्याची. तुझ्या मित्राचा ४०० वॉटचा, जुन्या जड चोकचा दिवा त्याच्या जवळपासही येत नाही. तापतो तो वेगळाच. कमी उंचीच्या छताखाली, कापडी तंबूत, जिथून चार पावलांवर पोरगी झोपते, तिथे मला तो नको. फुकट असला तरी नको.

आणि जांभळा दिवा? दुसऱ्या फोटोतला. ‘झाडाला फक्त लाल आणि निळाच लागतो’ असं त्यावर लिहिलंय. ही समजूत पन्नास वर्षांपूर्वीच खोटी ठरली. टेक्सासच्या कीथ मॅक्री यांनी १९७२ साली २२ जातींच्या पिकांची पानं वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात तपासली. हिरवा उजेडही पान चांगला वापरतं असं त्यात दिसलं. उलट हिरवे कण पानात खोल शिरतात. माझी तक्रार आणखी एक आहे आणि ती कामाच्या अनुभवातून आलीय. जांभळ्या उजेडात झाड आजारी पडलेलं दिसत नाही. पान पिवळं पडू लागलं, कोळी लागला, बुरशीचा भुरा डाग आला, सगळं एकाच काळपट रंगात बुडून जातं. मी पांढऱ्या उजेडाची बॅटरी खिशात घेऊन त्या ओळींतून फिरायचो. घरात चार झाडं लावणाऱ्याला त्यांच्याकडे बघायचं सुख तरी हवं. पांढरा एलईडी घे, ३५०० केल्व्हिनच्या आसपासचा. त्यात थोडे गडद लाल, ६६० नॅनोमीटरचे दाणे असले तर उत्तम. असा एकच दिवा रोपापासून कापणीपर्यंत चालतो. वाढीचा वेगळा आणि फुलाचा वेगळा घ्यायची गरज नाही.

अतिनील पट्टी जोडली की गांजा ‘कडक’ होतो असं तुला कुणी सांगितलंय. तुझ्यापासून तासाभराच्या अंतरावर ग्वेल्फ विद्यापीठ आहे. तिथल्या लोकांनी २०२१ साली हेच तपासलं. अतिनील-बी किरणांनी ना उत्पन्न वाढलं ना नशेच्या द्रव्याचं प्रमाण. झाडाला इजा मात्र झाली, आणि डोळ्यांना होते ती निराळी. त्याच विद्यापीठाचा त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास तुझ्या कामाचा आहे. उजेड वाढवत नेला तसं फुलाचं वजन सरळ रेषेत वाढत गेलं, अगदी १८०० मायक्रोमोलपर्यंत. फुलातल्या द्रव्याची तीव्रता मात्र त्यामुळे वाढली नाही. म्हणजे जास्त उजेडाने जास्त माल मिळतो, जास्त जोरदार माल मिळत नाही. तुला माल विकायचा नाही, विकणं गुन्हा आहे. मग दुप्पट दिव्याचे पैसे कशासाठी घालवायचे?

आता ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस, ते सांगतो. माझ्या मते दिव्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

आपल्या नगरकडच्या शेवंतीचे मळे आठव. दसरा-दिवाळीला बाजार शेवंतीने पिवळा होतो, कारण दिवस लहान आणि रात्र मोठी होत गेली की शेवंती कळी धरते. पॉलिहाऊसवाले शेतकरी तिला लवकर फुलू द्यायचं नसेल तेव्हा रात्री बल्ब लावून तिची रात्र मोडतात. ड्रॅगन फ्रूटचं नेमकं उलट. सांगली-सोलापूरकडे हंगाम नसताना फूल यावं म्हणून त्याच्या मळ्यात रात्री दिवे लावतात. गांजा शेवंतीच्या गोत्रातला, वनस्पतिशास्त्राने नव्हे, वागण्याने. १९२० साली अमेरिकेच्या गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हे पहिल्यांदा नीट मांडलं. झाड दिवसाची लांबी ओळखतं. पुढच्या लोकांनी दाखवलं की ते खरं तर अखंड अंधार मोजतं.

म्हणून वाढीच्या काळात १८ तास उजेड आणि ६ तास अंधार ठेवतात, आणि फूल हवं तेव्हा १२-१२ करतात. ते १२ तास म्हणजे काळोख. झिरोचा बल्ब नाही, फोनची बॅटरी नाही, ‘बघू जरा’ म्हणून चेन उघडणं नाही. माझं दुसरं वर्ष होतं पॉइन्सेटियांचं. नोव्हेंबरात सगळी ओळ लालभडक झाली, पण मधला एक तिरपा पट्टा हिरवाच राहिला. खत तपासलं, पाणी तपासलं, मुळं उपटून पाहिली. आठवड्याने एका रात्री मी उशिरा थांबलो तेव्हा दिसलं. शेजारच्या आवारात नवा दिवा लागला होता आणि पडद्याच्या फटीतून त्याची तिरीप बरोबर त्या पट्ट्यावर पडत होती. एवढीशी तिरीप! दोनशे कुंड्या नाताळच्या आधी फेकल्या. त्या रात्रीपासून मी उजेडाइतकाच अंधार तपासतो.

तंबू उभारलास की दिवसा आत शिर, चेन लावून घे आणि पाच मिनिटं बस. जिथून उजेडाचं टोक दिसेल तिथे काळी चिकटपट्टी लाव. टायमर, पंखा, अडॅप्टर यांच्यावरचे इवलेसे दिवेही झाक. रात्र वारंवार मोडली तर झाड गोंधळतं, फूल लांबतं, आणि कधी कधी मादी झाडावर नर फुलं येतात. मग सगळ्यात बी भरतं. टायमर घड्याळाचा साधा चालेल, पण उजेडाची वेळ रोज तीच हवी. ‘ऑटो’ म्हणून जे बी मिळतं, ते रात्रीवर अवलंबून नसतं, वयाप्रमाणे फुलतं. त्याला १८ तास उजेड शेवटपर्यंत चालतो. पहिल्या खेपेला ते सोपं जाईल.

१२-१२ करशील तेव्हा तुझा उजेड संध्याकाळी ७ ते सकाळी ७ ठेव. आपल्या विजेच्या साध्या दरपत्रकात आठवड्याच्या दिवसांत स्वस्त वीज याच वेळी असते, बरोबर १२ तास. शनिवार-रविवार दिवसभर स्वस्तच. २४० वॉट गुणिले १२ तास म्हणजे रोज तीन युनिटला थोडं कमी, महिन्याला ८६ च्या आसपास. शिवाय दिव्याने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होते. २४० वॉटचा दिवा म्हणजे २४० वॉटची शेगडी. जानेवारीत तळघराला ती रात्री उपयोगाची, जुलैत नकोशी. म्हणून एक लागण हिवाळ्यात घे आणि उन्हाळ्यात तंबू बंद ठेव. घरमालकाने मागच्या अंगणात जागा दिली तर ऑन्टारियोत बाहेरही लावता येतं, आणि सूर्याला प्लग लागत नाही.

दिवा टांगायची उंची खोक्यावरच्या तक्त्याप्रमाणे. बहुतेक वेळा शेंड्यापासून बारा ते अठरा इंच. पीपीएफडीचं खरं यंत्र महाग असतं, ते विकत घेऊ नकोस. फोनवर लक्स मोजायचं ॲप घाल, पांढऱ्या एलईडीखाली आलेला आकडा ७० ने भाग. ५०,००० लक्स म्हणजे साधारण ७००. बिनचूक नसतं, पण मधोमध आणि कोपऱ्यात किती फरक आहे ते कळतं. मध्ये ९०० आणि कोपऱ्यात ३०० असेल तर दिवा थोडा वर घे. शेंडा पांढुरका पडू लागला, पानं वरच्या बाजूने होडीसारखी वळली, तर उजेड जास्त होतोय. रोप काडीसारखं लांबलं तर कमी पडतोय.

विजेच्या जोडणीबद्दल मी कठोर आहे. दिव्यावर सीएसए, सीयूएल किंवा सीईटीएल यांपैकी एक खूण हवीच. ऑन्टारियोत मान्य खूण नसलेलं विजेचं उपकरण विकायलाच परवानगी नाही, तरी ऑनलाइन सर्रास मिळतं. तुझा तिसरा दिवा तसाच दिसतोय. तुझ्या खोलीचं सर्किट १५ ॲम्पिअरचं असेल. सतत चालणाऱ्या गोष्टींसाठी त्यातले १२ धरायचे, म्हणजे १४४० वॉट. दिवा एकटा काहीच नाही, पण त्याच तारेवर स्नेहाचा हीटर असेल तर तो एकटाच १५०० खातो. फ्यूजबोर्ड उघडून कुठला सॉकेट कुठल्या तारेवर आहे ते आधी लिहून काढ. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नकोस. वायर प्लगपेक्षा खाली लोंबू दे आणि मग वर ने, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जात नाही. आमच्या एका जुन्या शेडमध्ये वितळलेला प्लग मी हाताने काढलाय. त्याचा वास अजून ओळखतो.

आणि आर्या चार वर्षांची आहे. तंबूच्या चेनला कुलूप हवं, कापलेला माल कुलपात हवा, उंच फळीवर नव्हे. दिव्याच्या दाण्यांकडे थेट बघायचं नाही हे तिलाही शिकव आणि तूही पाळ. आत हात घालताना उजेड बटणाने कमी कर.

बी आत्ताच भिजवू नकोस. आधी घरमालकाची सही, मग दिवा, मग टायमर. रिकाम्या तंबूत दिवा तीन दिवस चालवून बघ, प्लगला हात लावून बघ गरम लागतो का, तापमान वहीत लिही. दिवा निवडलास की विकत घेण्याआधी खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, पुढच्या बाजूचा नको. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा,
मामा